नवी ऑफरोड गाडी: वरचं व्हेरिएंट घ्यावं का, आणि डिकीत नक्की मावतं किती?

चिखलवाट

मंडळी, दोन महिने माहितीपत्रकं चाळून डोक्याचा भुगा झालाय, म्हणून हा धागा.

आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. सध्याची गाडी साधी हॅचबॅक. तिच्या पोटाला इतके दगड लागलेत की आता नुसत्या आवाजावरून दगडाचा आकार सांगता येतो. डांबर संपलं की पुढे जायचं, तंबू ठोकायचा, दोन रात्री राहून परत यायचं, एवढीच हौस. सामान म्हणजे तंबू, चार स्लीपिंग बॅगा, शेगडी, पाण्याचे दोन कॅन आणि ४५ लिटरचा गाडीतला फ्रीज. या फ्रीजला बायको माझं तिसरं अपत्य म्हणते.

पहिला प्रश्न. प्रत्येक गाडीला चार-सहा व्हेरिएंट. वर वर जावं तशी स्क्रीन मोठी होते, सीटला गार हवा येते, छताला काच लागते. यातलं डांबर संपल्यावर कामाला काय येतं?

दुसरा प्रश्न डिकीचा. महिंद्राच्या थार रॉक्सची डिकी एकीकडे ६४४ लिटर लिहिलीय, दुसरीकडे ४४७. जीपच्या चार दारी रँग्लरची एकीकडे ८९८ आणि दुसरीकडे साडेपाचशेच्या आसपास. एकाच गाडीला दोन डिक्या असतात का?

भोवरा

हत्तीच्या दातांसारखं आहे ते. एक डिकी दाखवायची, एक वापरायची.

लिटरमीटर

भोवरा, विनोद म्हणून ठीक, पण खरं उत्तर फार लांब नाही त्यापासून.

मोजायच्या रीती वेगवेगळ्या आहेत. जर्मन वाहनउद्योगाची व्हीडीए नावाची रीत आहे, तिच्यात २०० × १०० × ५० मिमीचे ठोकळे रचतात. असा एक ठोकळा म्हणजे बरोबर १ लिटर. जितके ठोकळे बसले तितके लिटर. कोपऱ्यात ठोकळा बसत नसेल तर तो कोपरा हिशेबात नाही. हे सामान भरण्याच्या बरंच जवळ जातं, कारण आपल्या बॅगाही वितळून कोपऱ्यात शिरत नाहीत.

त्यात आणखी एक मेख: किती उंचीपर्यंत मोजलं? बहुतेक वेळा सीटच्या पाठीपर्यंत किंवा काचेच्या खालच्या कडेपर्यंत मोजतात. छतापर्यंत मोजलं की आकडा एकदम फुगतो. रॉक्सचं ४४७ हे व्हीडीएचं, ६४४ हे छतापर्यंतचं. गाडी तीच.

अमेरिकेत घनफूट चालतं. १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. चार दारी रँग्लरचे तिथले ३१.७ घनफूट म्हणजे तुमचे ८९८. युरोपातला साडेपाचशेचा आकडा ठोकळ्यांचा.

लँड रोव्हरवाले निदान प्रामाणिक, ते दोन्ही छापतात. ‘कोरडं’ माप म्हणजे ठोकळ्यांचं, ‘ओलं’ म्हणजे डिकीत पाणी भरलं तर किती बसेल ते. डिफेंडर ९० चं कोरडं २९७ आणि ओलं ३९७. एवढ्याशा डिकीत शंभर लिटरचा फरक नुसत्या सांदीकोपऱ्यांचा!

भोवरा

ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकलो, आता ओली आणि सुकी डिकी.

टॉर्कमामा

चिखलवाट, डिकी जरा बाजूला ठेव. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

व्हेरिएंटच्या तक्त्यातल्या गोष्टींना एकच प्रश्न विचारायचा: ही नंतर बसवता येते का? सीटकव्हर, स्क्रीन, स्पीकर, दिवे, कॅमेरा, रिमसुद्धा, हे सगळं नंतर होतं. लो रेंजचा गिअरबॉक्स (चाकं खूप हळू पण जास्त जोरानं फिरवणारा) नंतर बसत नाही. म्हणजे बसवणारे महाभाग आहेत, पण तू त्यांच्यातला नाहीस, आणि मीही नाही. डिफ लॉक, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरायला लावणारं कुलूप, बसवता येतो, पण ॲक्सल उघडावा लागतो, खर्च दणदणीत आणि वॉरंटीचं त्रांगडं.

रँग्लरचंच बघ. तिची सहारा आणि रुबिकॉन ही दोन व्हेरिएंट शेजारी उभी केली तर लोकांना सहारा जास्त श्रीमंत वाटते. पण रुबिकॉनच्या पोटात काय आहे? लो रेंजचं प्रमाण ४:१. सहाराचं २.७२:१. बाकी सगळं सारखं धरलं तर त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला रुबिकॉन दीडपट हळू चालते. दगडांवरून उतरताना ‘हळू’ हीच ताकद असते. शिवाय पुढचा-मागचा दोन्ही डिफ लॉक, आणि पुढचा अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) बटणावर सुटतो, त्यामुळे चाक जास्त खाली लोंबू शकतं. यातलं काहीही शोरूममध्ये दिसत नाही. दिसतो तो बॉनेटवरचा स्टिकर.

काचेआड

मामांबद्दल आदर आहेच, पण थोडा वेगळा सूर लावतो.

दगडांपर्यंत पोचायला जे सहा तास डांबरावर काढायचे, त्यांचं काय? माझ्या गाडीनं वर्षातले ३४० दिवस चिखल बघितलेला नसतो. त्या दिवसांत मला चांगली सीट, चांगला आवाज-बंदिस्तपणा, अंधारात नीट प्रकाश टाकणारे दिवे आणि सहा एअरबॅग हव्यात. मागे लहान मुलं असतील तर मागच्या एसीचे झरोके हवेतच. हे सगळं ‘नंतर बसवता’ येत नाही बरं का. कारखान्यातून येणारी गार हवेची सीट आणि बाहेरून बसवलेलं जाळीचं कव्हर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा मी वरचं व्हेरिएंट घेतलं आणि एकदाही पस्तावलो नाही.

टॉर्कमामा

एअरबॅगचा मुद्दा मान्य. सुरक्षेत काटकसर नको. बाकी, तुझ्या वरच्या व्हेरिएंटला लो रेंज आहे की नाही ते सांग आधी.

काचेआड

नाही. ‘मड’ नावाचं बटण आहे.

भोवरा

मामा, सोडा त्याला.

बेसमॉडेल

नावातच सगळं आलंय, तरी लिहितो.

सगळ्यात खालचं व्हेरिएंट म्हणजे गरिबाची गाडी ही समजूत ऑफरोड गाड्यांच्या बाबतीत चुकीची. २०२१ ला नवी ब्रॉन्को आली तेव्हा फोर्डनं सॅस्क्वॉच पॅकेज सगळ्यात खालच्या व्हेरिएंटलासुद्धा ठेवलं होतं. ३५ इंची टायर, दोन्ही ॲक्सलना लॉकर (म्हणजे डिफ लॉक), कापडी सीट. ब्लॅक डायमंड व्हेरिएंटला तर खाली रबरी फ्लोअर. चिखलाने माखलेले बूट घेऊन आत बसायचं आणि नंतर फडक्यानं पुसून टाकायचं. मखमली गालिच्याच्या गाडीत मित्राला बूट काढून बसवतात, स्वतः बघितलंय.

मारुतीच्या पाच दारी जिम्नीचंही तसंच. झेटा घ्या की अल्फा, लो रेंज दोन्हीत आहे. अल्फाला अलॉय रिम, मोठी स्क्रीन, एलईडी दिवे आणि ते धुणारे फवारे मिळतात. झेटाचा पत्र्याचा रिम दगडावर आपटून वाकला तर हातोड्यानं सरळ करतात, अलॉयला तडा गेला की तो गेला.

सैलनट

बेसमॉडेल, एवढंही सरसकट नको. उलटी उदाहरणं भरपूर. रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा फोर बाय फोर फक्त डिझेलला होतं, आणि सगळ्यात खालच्या व्हेरिएंटांना नव्हतंच. नव्या लँड क्रूझरचं अमेरिकेतलं खालचं व्हेरिएंट ‘१९५८’. गोल दिवे, कापडी सीट, दिसायला माझ्या सगळ्यात आवडीचं. मधला आणि मागचा डिफ लॉक त्यातही आहे. पण पुढचा अँटिरोल बार बटणानं सोडायची सोय त्यात नाही, ती वरच्यात आहे. त्यामुळे ‘वरचं वाईट, खालचं चांगलं’ किंवा त्याच्या उलट, असा नियम नाही. प्रत्येक गाडीचा तक्ता ओळीओळीनं वाचावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

दुसरं, रिमचा आकार. रॉक्सला १८ इंचावर २५५/६५ टायर येतो आणि सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला १९ इंचावर २५५/६०. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, सुमारे ७८९ मिमी. पण टायरची भिंत १८ वाल्याला १६६ मिमी आणि १९ वाल्याला १५३. तेरा मिमीनं काय होतं? वाळूत किंवा दगडांत हवा कमी करतो ना आपण, तेव्हा टायर पसरायला आणि दगड पोटात घ्यायला हीच भिंत असते. ती जितकी कमी, तितका रिम दगडाच्या जवळ. शोरूममध्ये मात्र मोठा रिमच खुलून दिसतो. काही गाड्यांत वरच्या व्हेरिएंटचे ब्रेकही मोठे असतात, मग नंतर लहान रिम चढवावा म्हटलं तरी कॅलिपरला घासतो.

रबरीबूट

+१. आणि वरच्या व्हेरिएंटसोबत फुकट मिळणारी पायरी! चढायला आजींना बरी, पण गाडीच्या मधल्या पोटाखाली तीच आधी टेकते. माझी पहिल्याच उंचवट्यावर केळ्यासारखी वाकली आणि मग मागचं दार उघडेना. मुलं खिडकीतून बाहेर काढली.

डिकीदास

पायरी, रिम, लॉकर सगळं झालं. मूळ धाग्यात डिकीही होती, आठवण करून देतो. :)

एक कोडं घालतो सोडवायला. तीन दारी जिम्नीची डिकी सीट उभ्या असताना ८५ लिटर. दप्तर ठेवलं की संपली. पाच दारी लांबीला वाढवली आणि २०८ लिटर झाली, ठीक. आता मागची सीट पाडा. तीन दारीचा आकडा ३७७ आणि पाच दारीचा ३३२! लांब गाडीत कमी सामान?

लिटरमीटर

दोन्ही आकडे वेगवेगळ्या बाजारांच्या माहितीपत्रकांतले. एका तराजूत घालू नका. कुठपर्यंत मोजलं ते कळल्याशिवाय अशा आकड्यांची बेरीज-वजाबाकी म्हणजे मीटरमधून किलो वजा करणं.

बाकी तीन दारीची गंमत अशी की युरोपात ती पुढे दोन सीटची मालवाहू म्हणून विकली. मागची सीट काढूनच टाकली, डिकी ८६३ लिटर.

चिखलवाट

दोन सीटची चालेल. मी आणि फ्रीज. (बायको मागे उभी राहून वाचतेय. विनोद होता.)

रानवेडी

चिखलवाटदादा, दहा-बारा वर्षं तंबू, मुलं आणि कुत्रा घेऊन फिरतेय. लिटर विसरा, सेंटीमीटर मोजा.

आधी तुमचा फ्रीज. आत ४५ लिटर मावतात म्हणून तो ४५ लिटरची जागा घेत नाही. बाहेरून साधारण ६५ × ४० × ५० सेंमी धरा, म्हणजे १३० लिटर झाले. आणि ही जागा चौकोनी, सलग हवी. २०८ लिटरच्या डिकीत कागदावर १३० गेले तर ७८ उरतात. प्रत्यक्षात फ्रीजच्या भोवती ज्या फटी उरतात त्यात एक चप्पलजोड जाईल फार तर.

टेप घेऊन जा आणि या गोष्टी बघा. दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी, कारण डिकी वर ऐसपैस दिसते आणि खाली कमानी आत घुसलेल्या असतात. दाराच्या तोंडाची उंची, कारण आत जागा असून तोंडातून खोकं जात नाही असं होतं. फरशी जमिनीपासून किती वर आहे, कारण पंचवीस किलोचा फ्रीज छातीपर्यंत उचलायचा की कमरेपर्यंत हा पाठीचा प्रश्न आहे. सीट पाडल्यावर सपाट होते की मध्ये पायरी राहते, कारण गाडीत झोपायचं असेल तर ती पायरी रात्रभर बरगडीत बोलते. आणि खाली हुक किती, कुठे. ऑफरोडला सामान बांधलेलं नसेल तर उताराला शेगडी ड्रायव्हरच्या डोक्यात येते.

आणि कडक सुटकेस घेऊ नका. मऊ पिशव्या. त्या फटीत कोंबता येतात.

नुसता_वाचक

रानवेडीताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून गाडीत ठेवण्यासारखा आहे. कुत्रा कुठे बसतो?

रानवेडी

पुढे. आम्ही मागे.

डिकीदास

ताईंच्या यादीत एक भर. स्टेपनी मागच्या दारावर असलेल्या गाड्यांचं दार वर नाही, बाजूला उघडतं. रँग्लर, ब्रॉन्को, डिफेंडर, जिम्नी, रॉक्स, सगळ्या त्यातल्याच. म्हणजे मागे पूर्ण दाराएवढी मोकळी जागा पाहिजे. मागे गाडी चिकटून उभी असेल तर डिकी असून नसल्यासारखी. पाऊस आला तर वर छप्पर नाही. आणि उतारावर गाडी उभी असेल तर स्टेपनीच्या वजनानं दार एकतर स्वतःहून उघडतं नाहीतर बंद व्हायला मागतं, आणि मध्ये तुमची नडगी असते.

इनियॉस ग्रेनेडियरला म्हणून ३०:७० अशी दोन दारं दिलीत. पाण्याची बाटली काढायला फक्त लहान दार उघडायचं, स्टेपनी मोठ्या दारावर गप्प बसते. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी ती गाडी घेतली असती. फक्त गाडी घेण्याएवढं माझं काही साधं नाही.

टॉर्कमामा

ग्रेनेडियरचा विषय निघाला म्हणून सांगतो, व्हेरिएंट कसे पाडावेत याचा तो धडा आहे. ट्रायलमास्टर आणि फील्डमास्टर असे दोन प्रकार. एक वर, एक खाली असं नाही. ट्रायलमास्टरला पुढे-मागे डिफ लॉक, जाड नक्षीचे टायर, इंजिनाला हवा घ्यायला उंचावर नेलेलं नाक. फील्डमास्टरला चामड्याच्या सीट, मोठे रिम, छताला काचा. गिऱ्हाइकालाच विचारतात, तू कोण आहेस ते सांग. बाकीच्या कंपन्या चामड्याच्या पायऱ्या चढायला लावतात आणि मग सहाव्या मजल्यावर लॉकर ठेवतात.

बेसमॉडेल

आणि फोर्सच्या गुरखाला व्हेरिएंटच नाहीत. तीन दारी की पाच दारी एवढंच. दोन्ही डिफ लॉक आणि हवेचं नाक सगळ्यांना सारखं. घरातलं भांडण मिटलं.

भोवरा

माझ्या घरात मग रंगावरून होईल.

लिटरमीटर

एक गोष्ट राहिली, आणि ती फार कमी लोक बघतात. व्हेरिएंट बदललं की डिकी बदलू शकते.

टोयोटाची २०२५ ची नवी फोररनर घ्या. साध्या पेट्रोलला पाच सीटच्या गाडीत मागच्या सीटमागे ४८.४ घनफूट. हायब्रिडला ४२.६. बॅटरी मागे फरशीखाली गेली, फरशी वर आली. फरक ५.८ घनफूट, म्हणजे सुमारे १६४ लिटर. चिखलवाट यांचा फ्रीज आणि वर थोडं.

आता खरी गंमत. त्या गाडीचे सगळ्यात ऑफरोडी दोन प्रकार, टीआरडी प्रो आणि ट्रेलहंटर, फक्त हायब्रिडमध्येच मिळतात. म्हणजे रानात राहायला म्हणून जी गाडी काढली, तिच्यातच रानात न्यायच्या सामानाला जागा कमी. मधल्या टीआरडी ऑफरोडला मागचा डिफ लॉक मिळतो आणि पेट्रोलमध्ये घेतली तर मोठी डिकीही.

काचेआड

हे माहीत नव्हतं. एक गुण लिटरमीटर यांना.

आभाळवाट

डिकी लहान असली तर छतावर कॅरिअर टाका, विषय संपला. एवढा काथ्याकूट कशाला?

सैलनट

विषय संपत नाही, तिथेच सुरू होतो. छतावरच्या वजनाला दोन मर्यादा असतात, गाडी चालताना आणि गाडी उभी असताना. ग्रेनेडियरला चालताना १५० किलो, उभी असताना ४२०. छतावरच्या तंबूत दोघं झोपतात ते उभ्या गाडीच्या हिशेबात, रस्त्यावर ते चालत नाही. आणि ग्रेनेडियर ही थोराड गाडी झाली. लहान गाड्यांना चालताना याच्या निम्मंही नसतं, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरायचं असतं. लहान गाडीवर लोखंडी कॅरिअर, वर तंबू, वर डिझेलचा कॅन म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आडव्या उतारावर गाडी कलली की हे वजनच तिला आणखी कलवतं.

दुसरं, एकूण वजन. माहितीपत्रकात गाडीचं स्वतःचं वजन आणि कमाल एकूण वजन दिलेलं असतं. वजाबाकी करा. पाच दारी जिम्नीचं कमाल १५४५ किलो, स्वतःचं वरच्या व्हेरिएंटला १२१०. उरले ३३५. चिखलवाट यांच्या घरचे दोन मोठे १५० धरा, मुलं ६०. उरले १२५. भरलेला फ्रीज ३५, चाळीस लिटर पाणी म्हणजे ४० किलो. उरले ५०. त्यात तंबू, शेगडी, कपडे, अवजारं, खाणं. लिटर संपायच्या आधी किलो संपतात. आणि समोर लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी) लावायची हौस असेल तर ते वजनही यातूनच जाणार.

वरच्या व्हेरिएंटला काचेचं छत, मोटरवाल्या सीट, मोठे रिम असतात, त्यांचंही वजन असतं. कमाल वजन बरेचदा तेच राहतं. म्हणजे जास्त पैसे मोजून सामान कमी.

(युरोपातली तुलना करताना सांभाळा, तिथे गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर धरतात.)

आभाळवाट

बरं. काथ्याकूट चालू ठेवा.

रबरीबूट

कॅरिअरचा माझा किस्सा, गाडी आणि दुकान दोघांचं नाव न घेता. बसवणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, साहेब यावर माणूस नाचला तरी हलणार नाही. तो खरं बोलत होता. कॅरिअर हललं नाही. ज्या पट्टीला ते बसवलं होतं ती पट्टी छतापासून उचकटली. ती शोभेची होती. व्हेरिएंटच्या तक्त्यात ‘रूफ रेल’ लिहिलेलं असतं, ती भार घेणारी की नुसती दिसणारी, हे विचारून घ्या. लेखी.

काचेआड

अवांतर: ब्रॉन्कोची दारं काढता येतात आणि चार दारीत ती डिकीतच ठेवता येतात, हे वाचून मी खूश झालो होतो. मग लक्षात आलं, दारं डिकीत गेल्यावर सामान कुठे?

भोवरा

दारांच्या जागी.

रानवेडी

हसून हसून पुरेवाट. मुलांनाही तिथेच बांधा.

टॉर्कमामा

चिखलवाट कुठे गायब झाले? धागा काढून चार दिवस पत्ता नाही.

चिखलवाट

आहे आहे. गृहपाठ करत होतो.

रानवेडीताईंचं वाचून मी टेप नेण्याच्या एक पाऊल पुढे गेलो. पुठ्ठ्याची खोकी कापून सामानाच्या मापाची केली. एकावर ‘फ्रीज’ लिहिलं, एकावर ‘तंबू’, दोनांवर ‘पाणी’. मुलगी म्हणाली माझं पण खोकं कर, तिचं तिनेच रंगवलं, त्यावर ‘खेळणी (महत्त्वाचं)’ असं आहे. हे सगळं घेऊन तीन शोरूम फिरलो. पहिल्या ठिकाणी विक्रेत्याला वाटलं आम्ही घर बदलतोय.

गाड्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच जातील. पण जे दिसलं ते असं. पहिल्या गाडीत कागदावर सगळ्यात जास्त लिटर होते, आणि फ्रीज दारातून आतच जाईना, दाराचं तोंड चार सेंमी कमी. दुसरीत सगळं बसलं, पण खेळणी काढल्यावर. वाटाघाटी निष्फळ ठरल्या. तिसरीचा आकडा मधला, तरी सगळं बसलं, कारण मागची सीट दोन भागांत पडते आणि मुलांच्या मध्ये एक लांबट पिशवी जाते.

वजाबाकीही केली. तिसऱ्या गाडीच्या सगळ्यात वरच्या आणि मधल्या व्हेरिएंटमध्ये ४२ किलोचा फरक निघाला. विक्रेत्याला विचारलं हे ४२ किलो कशाचे, तर तो म्हणाला, ‘लक्झरीचे, सर.’ लो रेंज आणि मागचा लॉकर मधल्यातही आहे. एअरबॅगा सारख्याच. मागचे एसीचे झरोके आहेत, हे काचेआड यांच्यासाठी. गार हवेची सीट नाही, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तर मधलं. जवळजवळ ठरलंय.

काचेआड

अभिनंदन! ती हे धागे वाचते असं तुम्हीच वर लिहिलंय.

चिखलवाट

बाप रे.

टॉर्कमामा

चांगली निवड. वाचलेल्या पैशांत आधी चांगले टायर आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घे. हवा काढता सगळ्यांना येते, परत भरायची वेळ आली की सगळे दुसऱ्याच्या गाडीकडे बघतात.

रानवेडी

दादा, खोक्यांची कल्पना झकास. एकच विचारते. फ्रीज ठेवल्यावर त्याचं झाकण उघडायला वर जागा राहते ना? माझं झाकण बाजूला बिजागरीवर वर उघडतं, ते तीस सेंमी आणखी मागतं. म्हणून मी सरकत्या पाट्यावर ठेवलाय, आणि तो पाटाच अठरा किलोचा आहे.

चिखलवाट

...

पुठ्ठ्याच्या खोक्याला झाकण नव्हतं.

उद्या परत जातो. आता खरा फ्रीजच घेऊन जातो.

भोवरा

विक्रेत्याला सांगा, तिसरं अपत्य बघायला आलंय.